गेटवर वाजणारे फोन

अनोळखी माणसाला फोन करायचा असला की मी आधी वाक्यं कागदावर लिहून घेते. नमस्कार, मी अमुक ठिकाणाहून बोलतेय, दोन मिनिटं वेळ आहे का. एवढं लिहूनही रिंग वाजायला लागली की मनात एकच येतं, उचलू नये. समोरच्यानं उचलला नाही की सुटल्यासारखं वाटतं. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवशी सकाळी माझे पहिले तीन फोन कुणी उचलले नाहीत तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं होतं.

मी दौंडची. वडील रेल्वेत, घर क्वार्टर्समध्ये, शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठीच बोलतो, पण ते घरापुरतं. खेड्यात गेले की माझं मराठी पुस्तकातलं वाटतं आणि कॉलेजात माझं इंग्रजी शिष्टपणाचं वाटतं. म्हणून दोन्हीकडे मी कमी बोलते. बघते मात्र सगळं. कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, कुणी चहात साखर कमी घातली, कोण बोलताना कुणाकडे बघत नाही. बघून काय करायचं ते मात्र मला पुष्कळदा कळत नाही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या कॉलेजनं तहसील कचेरी आणि पुराच्या काळात काम करणारी एक संस्था यांच्याबरोबर करार केला. भीमेच्या अलीकडच्या काठाला आमचा दौंड तालुका, पलीकडच्या काठाला शिरूर. धरणातून पाणी सोडलं की दोन्हीकडच्या गावठाणांत भोंगा वाजतो, ग्रामपंचायतीची गाडी फिरते. पण नदीकडेच्या वस्त्या गावापासून तीन-चार किलोमीटर आत, उसात दडलेल्या असतात. तिथं भोंगा ऐकू जात नाही. तेव्हा ठरलं असं की विद्यार्थ्यांनी उन्हाळ्यात वस्तीवस्तीवर जाऊन याद्या करायच्या. कोण एकटं राहतं, कुणाला चालता येत नाही, कुणाला उचलून न्यावं लागेल आणि त्याला किती माणसं लागतील. पाणी सुटल्याचा निरोप तहसीलमधून कॉलेजात येणार, आणि आम्ही कॉलेजातून घरोघर फोन करणार. त्यासाठी फिजिक्सची जुनी लॅब रिकामी करून तिच्या दारावर ‘मदत कक्ष’ असा कागद चिकटवला.

हे काम बघणाऱ्या सरांना मी म्हटलं होतं, मी फक्त टायपिंग करीन. सर हसले. म्हणाले, "टायपिंग करच. पण आधी टाइप करण्यासारखं काहीतरी घेऊन ये."

माझ्या वाट्याला पलीकडच्या काठाची, शिरूर तालुक्यातली एक वस्ती आली. अकरा घरं. सोबत माझी मैत्रीण, केडगावजवळच्या खेड्यातली, तोंडानं फटकळ. तिनं बोलायचं, मी लिहायचं, असं आमचं न बोलता ठरलं होतं. सरांनी आम्हाला मुद्दाम गुरुवारी पाठवलं. वस्तीवरचे पुरुष रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला आणि तिथल्या बहुतेक कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे माणसं घरी सापडतील हा विचार. आणि सापडलीही. पारगावचा पूल ओलांडून, उसातल्या कच्च्या रस्त्यानं, एका ओढ्यावरची फरशी, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, पार करून आम्ही पोचलो तर प्रत्येक अंगणात कुणी मोटारसायकल धूत होतं, कुणी दाढी करत होतं.

शेवटचं घर नदीच्या सगळ्यात जवळ. तिथला मुलगा तिशीचा असेल. अंगात कंपनीचा निळा टी-शर्ट, छातीवर कंपनीचं नाव. पडवीत लोखंडी खाटेवर त्याचे वडील, आबा. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेलेली. आधी ते नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारींवर होते. आता तोंडातून एकच शब्द यायचा. काहीही विचारलं तरी "व्हय."

"आबा, जेवण झालं का?" मैत्रिणीनं विचारलं.

"व्हय."

"आबा, आमच्याबरोबर येता का दौंडला?"

"व्हय."

मुलगा हसला. "बगा, एका पायावर तयार हायेत. आमाला मातूर बाथरूमला न्यायचं तरी दोन तास भांडण."

मी फॉर्म भरत होते. उचलून न्यावं लागेल, हो. किती माणसं, चार. मग रकाना आला, कुटुंबप्रमुखाचा संपर्क क्रमांक. मुलानं स्वतःचा नंबर सांगितला. आतून त्याची बायको चहा घेऊन आली आणि चौकटीतच थांबली. एका हातात कपांची थाळी, दुसऱ्या हातात फोन, फोनच्या कव्हरवर सोनेरी फुलपाखरू. मी ते फुलपाखरू बघितलं. यांचाही नंबर लिहावा, असं माझ्या मनात आलं. पण तिनं दिला नव्हता, त्यानं सांगितला नव्हता, आणि परक्या घरातल्या बाईचा नंबर तिच्या नवऱ्यासमोर कसा मागायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. फॉर्मवर जागाही एकाच नंबराची होती.

"लागला न्हाई तर परत लावत ऱ्हावा," तो म्हणाला. "कामावर असलो की फोन गेटवर जमा असतोय आमचा. खोक्यात. सुट्टी झाल्यावर कळतंय जगात कोण कोण मेलं ते."

"काय बाई बोलणं तुमचं दादा," मैत्रीण म्हणाली, आणि सगळे हसले. मीही हसले.

मी चहा नको म्हटलं. मला परत जाताना बाथरूमची सोय नसेल याची काळजी होती, पण ते सांगता येईना, म्हणून नुसतं "नको, थँक्यू" म्हटलं. चौकटीतून ती बोलली, तेवढंच त्या दिवशी बोलली. "इंग्रजी शाळंतल्या दिसत्यात. च्याला बी थ्यांक्यू."

निघताना मी फॉर्मवरच्या अकराही नंबरांना तिथल्या तिथं मिस्ड कॉल देऊन बघितलं. अकराही वाजले. अकराही पुरुषांच्या खिशात.

ती यादी मी फार मन लावून टाइप केली. चालता न येणाऱ्यांच्या ओळी लाल, एकट्यांच्या पिवळ्या. आबांची ओळ सगळ्यात वर, कारण त्यांचं घर सगळ्यात खाली होतं. सरांना यादी आवडली. त्यांनी ती लॅमिनेट करून भिंतीवर लावली. तहसीलमधून आलेल्या साहेबांनी मोबाईलवर तिचा फोटो काढला आणि बाकीच्या मुलांना सांगितलं, याद्या अशा हव्यात. मी मान खाली घालून उभी होते, पण आतून मला खूप बरं वाटत होतं. आवाज न वापरता मी काहीतरी चांगलं केलं होतं.

*

पाणी सुटल्याचा निरोप आला तो मंगळवार होता. दौंडला कडक ऊन पडलं होतं. आमच्याकडे पूर असाच येतो. पाऊस वर घाटात पडतो, इथं धोतरं वाळत घातलेली असतात आणि नदी चढत असते.

दहा वाजता सर लॅबमध्ये आले. "वरून बरंच पाणी सोडलंय. नदी संध्याकाळपर्यंत भरेल. पण नदीचा फुगवटा ओढ्यांत आधी शिरतो. दुपारी एकच्या पुढे फरश्यांचा भरवसा नाही."

माझ्या वस्तीला यायला-जायला एकच रस्ता, त्या फरशीवरून. फरशी बुडाली की चालती माणसं उसातून, बांधावरून कशीतरी निघतील. आबा निघणार नाहीत. होडी सगळ्या तालुक्यात एक, ती कधी येईल ते कुणालाच सांगता आलं नसतं.

मी कागदावर वाक्यं लिहिली. पहिला फोन आबांच्या घरी. वाजला, वाजला, बंद झाला. दुसऱ्या घरी, तसंच. तिसऱ्या घरी, तसंच. तेव्हा ते मघाशी सांगितलेलं बरं वाटणं. चौथ्याला ते गेलं. अकरावाही तसाच वाजून बंद झाला.

शेजारच्या टेबलावर माझी मैत्रीण अलीकडच्या काठावरच्या एका गावाशी बोलत होती. तिथं सगळे फुलं नि भाजी करणारे, दिवसभर रानात, फोन कमरेला. "व्हय मामा, आत्ताच. न्हाई, उद्या न्हाई, आत्ताच. शेवंती ऱ्हाऊ द्या वो, शेवंतीला पोहता येतंय का न्हाई ते मागनं बगू." ती हसत होती आणि तिच्या यादीवर एकेक बरोबरची खूण पडत होती.

मी सगळे नंबर दुसऱ्यांदा लावले. अर्ध्यात असताना मला तो निळा टी-शर्ट आठवला. खोक्यात. सुट्टी झाल्यावर कळतंय. आज मंगळवार. फर्स्ट शिफ्ट सकाळी सातला लागते आणि साडेतीनला सुटते. म्हणजे मी लावत असलेले सगळे फोन कुठल्या ना कुठल्या गेटवरच्या खोक्यांत वाजत होते, आणि वस्तीवर, नदीकाठी, एकाही घरात माझा आवाज पोचत नव्हता. तेव्हा घड्याळात दहा वीस झाले होते.

यापुढचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मी उठून सरांकडे जायला हवं होतं. सर दहा पावलांवर होते. पण भिंतीवर माझी यादी होती, लाल-पिवळी, लॅमिनेट केलेली, आणि तिच्याशेजारी तहसीलचा कारकून बसला होता. मी पुन्हा पहिल्यापासून नंबर लावायला सुरुवात केली. उचलणार नाहीत हे माहीत असताना. मेसेज टाकले. प्रत्येकावर दोन करड्या खुणा आल्या, निळी एकही झाली नाही. फोन कानाला लावून मी नुसती कामात असल्यासारखी बसले होते. मधेच कुणीतरी उचलेल, एखादा आजारी असेल, एखाद्याची नाइट असेल, आणि मग मला काहीच सांगावं लागणार नाही, असं वाटत होतं.

"लागंना का?" मैत्रिणीनं विचारलं.

"एंगेज येतायत," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग तिचा पुढचा फोन लागला.

पावणेअकराला सर स्वतःच आले. तहसीलला अहवाल कळवायचा होता. "पलीकडची वस्ती झाली ना? आबांना हलवलं?"

मी उभी राहिले. लिहिलेलं वाक्य नव्हतं. "सर, माझी यादी चुकलीय."

"कितवा नंबर?"

"सगळे. ते कंपनीतले आहेत. फोन गेटवर जमा असतात. आपण गुरुवारी गेलो होतो."

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता ओरडतील. ते भिंतीवरच्या यादीकडे बघत राहिले आणि हळू म्हणाले, "गुरुवारी मीच पाठवलं." मग एकदम मोठ्यानं, "घरी बायका असतील ना. त्यांचे नंबर?"

"घेतले नाहीत."

कारकून म्हणाला, "फॉर्मात रकानाच नव्हता."

खरं होतं. पण मी फुलपाखरू बघितलं होतं.

सरांनी गावच्या पोलीस पाटलांना फोन लावला. एंगेज. खराखुरा एंगेज. त्या दिवशी त्यांना अख्खं गाव फोन करत होतं. सरांनी कारकुनाला तोच नंबर लावत राहायला बसवलं आणि माझ्याकडे वळले. "त्या मुलाची कंपनी कुठली?"

ते मला माहीत होतं. टी-शर्टवर वाचलं होतं. कंपनीच्या मेन गेटचा नंबर इंटरनेटवर मिळाला. सरांनी फोन माझ्या हातात ठेवला, कारण कुणाशी बोलायचंय, घर कुठलं, काय सांगायचंय, ते सगळं मलाच माहीत होतं.

"हां, मेन गेट." आवाज लांबच्या मुलखातला, निवांत.

मी हिंदीत सांगितलं की पूर येतोय, तुमच्याकडच्या एका कामगाराचे वडील घरी अंथरुणाला खिळलेत, त्याला बोलवा.

"बाढ़? यहाँ तो मैडम धूप निकला है."

"इथंही ऊन आहे," मी मराठीतच म्हटलं, आणि मग पुन्हा हिंदीत, की पाणी वरून येतंय.

"अच्छा. डिपार्टमेंट कौन सा?"

"माहीत नाही."

"टोकन नंबर?"

"नाही माहीत."

मी नाव सांगितलं. "इस नाम का तो यहाँ चार आदमी है. बिना टोकन नंबर के हम अपने सगे भाई को नहीं बुला सकते, मैडम. समझिए."

तेवढ्यात त्याच्या आवाजामागे मला काहीतरी ऐकू आलं. गुणगुणल्यासारखं, लाकडावर घासल्यासारखं. मी मैत्रिणीकडे बघितलं. तिनं माझी यादी पुढ्यात ओढून आबांच्या मुलाचा नंबर तिच्या फोनवरून लावला होता, नुसताच, सवयीनं, अजून एकदा.

"भैया," मी म्हटलं, "तुमच्या मागे आत्ता एक फोन वाजतोय ना?"

"अरे मैडम, यहाँ तो दिन भर कोई न कोई..."

"तो कुठल्या खान्यात वाजतोय, बघा ना. प्लीज."

खुर्ची सरकली. पावलं गेली. मैत्रिणीनं फोन कापला आणि पुन्हा लावला. लांबून आवाज आला, "बंद हो गया... हां हां, फिर बजा. मिल गया." मग तो परत आला. आता त्याच्या आवाजात एक खेळ जिंकल्यासारखी मजा होती. "खाने पर टोकन नंबर लिखा रहता है न. ये तो प्रेस शॉप का लड़का है. वो मोटा वाला नहीं, वो दूसरा."

पण प्रेस शॉपमधून, म्हणजे पत्रा दाबायच्या मशिनांवरून, माणूस बाहेर काढायला ऑफिसची परवानगी लागते. त्यानं मला आत जोडलं. ऑफिसमधला माणूस मराठी होता, आणि माझं मराठी ऐकून त्यानं पहिल्या वाक्यातच सांगितलं की शिफ्ट संपल्यावर निरोप देऊ. मी इंग्रजीत बोलायला लागले. कॉलेजचं नाव, तहसीलचा करार, किती वाजेपर्यंत, कोणाचा जीव. त्याचा आवाज बदलला, "येस मॅम" आलं, दोन मिनिटांत मशिनचा खडखडाट आणि धापा ऐकू आल्या. ते काम झालं याचा मला आनंद झाला आणि ज्या रीतीनं झालं त्याची लाजही वाटली.

"आबाला काय झालं?" मुलगा म्हणाला. पहिलं वाक्य तेच.

"काही नाही झालं. पाणी येतंय. एकपर्यंत फरशी बुडेल. घरी कोण आहे?"

"ती हाय." मग हिशेब करत असल्यासारखा, "मी आत्ता निघालो तरी सव्वा-दीड तास."

"त्यांचा नंबर द्या."

मशिनचा आवाज तेवढा चालू राहिला.

"सांगतो," तो म्हणाला. "पण मॅडम, तुमी त्या याद्या भिंतीवर लावता म्हणं. तिथं तेवढा लावू नगा."

"नाही लावणार."

नंबर मी माझ्या हाताच्या तळव्यावर लिहिला. यादीवर लिहायचा धीर झाला नाही.

तिनं दुसऱ्याच रिंगला उचलला.

"कोन?"

"ताई, वरून पाणी सोडलंय. आबांना हलवा. आत्ता."

"तुमी त्याच ना? च्या न पिता गेल्या त्या?"

"हो."

"तरी म्हनलं वढ्यात पानी कुठलं. मला वाटलं कुणाच्या तरी मोटारीचा पाइप फुटला." ती चालायला लागली असावी, श्वास ऐकू येत होता. "आबा सकाळपास्नं डावा हात वढ्याकडं करून व्हय व्हय करायलेत. मी म्हनलं पाय आकडला आसंल म्हून तेल चोळलं. आगं ए वयनीऽ! ए, फोन आलाय, पानी सोडलंयऽ!"

"फरशीवर आलंय का?"

"न्हाई आजून. खालनं वाहतंय."

"बाकीच्या घरांतल्या बायकांचे नंबर..."

"पाठिवते. आता ठेवा, माझं हात आडाकल्यात."

फोन बंद झाला. मिनिटाभरात माझ्या मोबाईलवर टिंग टिंग करत नंबर यायला लागले. तिच्या फोनमध्ये त्या जशा होत्या तशाच आल्या. ‘वरची वहिनी’. ‘मोटारीवाली’. ‘कोपऱ्यावरची’. ‘भिशी मोठी’. ‘भिशी बारकी’. ‘पापडवाली’. सगळी वस्ती कधीपासून एकमेकींना जोडलेली होती. मला फक्त दारात उभ्या असलेल्या बाईला विचारायचं होतं. मी ओळीनं फोन लावले. वाक्यं लिहिली नाहीत. सगळ्यांनी उचलले.

पण सव्वाअकरानंतर आबांच्या घरचा फोन वाजत राहिला आणि कुणी उचलेना. बाकीच्या बायकांचेही तेव्हा नुसतेच वाजत होते.

त्या दीड तासाबद्दल मला फारसं लिहिता येत नाही. सरांनी चहा मागवला, मी तो प्यायले नाही, या वेळी नको म्हणायलाही विसरले. आबांच्या मुलाचा न्हावरा फाट्यावरून फोन आला, मोटारसायकल उभी करून. "उचलंना ती." मी म्हटलं, माझाही उचलत नाहीत. आम्ही दोघं एकाच वेळी लावत होतो आणि एकमेकांना एंगेज लागत होतो, म्हणून ठरवलं की पहिली पाच मिनिटं त्यानं लावायचं, पुढची पाच मी. माझ्या पाच मिनिटांत मी लावायची. त्याच्या पाच मिनिटांत मी तळव्यावरचा नंबर बघत बसायची. घामानं शेवटचे दोन आकडे पुसट झाले होते. अधूनमधून मला दहा वीस आणि पावणेअकरा हे दोनच आकडे दिसायचे. बाहेर तसंच ऊन होतं. ग्राउंडवर मुलं क्रिकेट खेळत होती.

पाऊण वाजता ‘कोपऱ्यावरची’चा फोन आला. मी उचलला.

"हॅलो? हाय का कोन? आनलं बरं का आबाला. गावातल्या शाळंत हायेत, व्हरांड्यात."

"फरशी?"

"पोटरीएवढं व्हतं पानी. आमी चौघी व्हतो. खाटंसकट उचलून बगितलं, न्हाई जमलं. मंग गोधडीत घातलं आन् चारी कोपरं धरलं. लई जड हाय म्हातारं." मग कुणाला तरी, "न्हाई गं, त्या कालेजातल्या बाई हायेत. रडायल्यात वाटतं."

मी रडत नव्हते. म्हणजे, मला वाटतं नव्हते.

*

पाणी उतरल्यावर तीन आठवड्यांनी मी पुन्हा वस्तीवर गेले. या वेळी मुद्दाम मंगळवारी, सकाळी अकराला. अंगणात एकही मोटारसायकल नव्हती. घरातला चिखल काढून झाला होता, भिंतीवर कमरेएवढी ओल होती. आबा खाटेवर होते. मी विचारलं, कसे आहात. म्हणाले, "व्हय."

मी स्वयंपाकघरात बसले, चुलीजवळ, आणि चहा घेतला. दोन कप घेतले. तिनं स्वतःचा नंबर सांगितला, मग तिच्या आईचा, मग गावातल्या नणंदेचा, एक लागला नाही तर दुसरा म्हणून. नवी यादी भिंतीवर नव्हे, कपाटात राहील, किल्ली सरांकडे, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलं."

मग ती मला मागच्या गोठ्याकडे घेऊन गेली. तीन खुंट्यांना जनावरं होती, चौथा रिकामा. आबांना शाळेत पोचवून ती पाण्यातून परत आली होती जनावरांसाठी. तीन सोडली, हाकलली. चौथी कालवड, गाभण, अगदी नदीकडच्या खुंट्याला. तोवर फरशीवर मांडीएवढं पाणी झालं होतं आणि तिच्यामागं आलेल्या दोघींनी हिला कमरेत धरून ओढत नेलं.

"सात म्हैने झालं व्हतं तिला," ती म्हणाली. रडली वगैरे नाही. दावं सारखं करत होती, रिकामं दावं. "अर्धा तास मिळाला आसता ना, तर ती बी आली आसती. आता काय. आबा ऱ्हायले ते खूप झालं. तुमी फोन केला म्हून."

दहा वीस ते पावणेअकरा म्हणजे पंचवीस मिनिटं. मी दावणीकडे बघत राहिले.

नव्या यादीचा नियम आम्ही केलाय की नंबर दर मंगळवारी तपासायचे, शिफ्टच्या वेळेत. वस्तीवरचे फोन मी करते. सगळ्यात आधी तिला. फोन लावण्याआधी मी अजूनही वाक्यं लिहून काढते. पहिलं वाक्य नमस्काराचं. दुसरं तपासणीचं. तिसऱ्या ओळीत मी दर मंगळवारी तेच लिहिते. ताई, त्या दिवशी मला आधीच कळलं होतं, आणि मी पंचवीस मिनिटं गप्प बसले होते.

ती दुसऱ्या रिंगला उचलते. मागं भांड्यांचा नाहीतर जनावरांचा आवाज असतो.

"हाय, हाय, चालू हाय फोन. आबा बी बरं हायेत. ठेवा आता, दूध उतू चाललंय."

आणि मी दुसऱ्या ओळीवरच असते.